देवावर प्रेम आहे ना, मग त्याचा अभ्यास कशाला?

पत्र असं आलंय (थोडं कापून छापतेय):

"अक्का, सलाम. मी खानापूर तालुक्यातला, बेळगावच्या उद्यमबागेत एका शॉपमध्ये सीएनसीवर, म्हणजे पार्ट कापायच्या कॉम्प्युटरवाल्या मशीनवर आहे. आमच्या चर्चमध्ये पाळकसाहेबांनी बुधवारी संध्याकाळी बायबल स्टडी सुरू केलीय, विषय 'देवाचा स्वभाव आणि गुण', आणि हा एकच विषय म्हणे तीन महिने चालणार. खरं सांगू का, मला कंटाळा येतो. देवावर प्रेम करायचं, आज्ञा पाळायच्या, रविवारी उपासनेला जायचं, एवढं पुरे नाही काय? जास्त डोकं लावलं की विश्वास कोरडा होतो असं मला वाटतं, आणि देव माणसाच्या डोक्यात मावतो तरी कुठे. दुसरी गोष्ट, बाबांच्या दोन्ही किडन्या गेल्यात, आठवड्यातून दोनदा बेळगावला डायलिसिसला न्यावं लागतं. प्रार्थनेला येणारे एक गृहस्थ घरी येऊन म्हणाले, घरात कुणाचं तरी लपवलेलं पाप आहे म्हणून देवाने हात उगारलाय, आणि विश्वास पक्का असेल तर ते मशीन सोडा, देव बरं करेल. आई त्या दिवसापासून धड जेवत नाही. मी काय करू? — एक भाऊ, खानापूर."

भावा, सलाम.

आधी तातडीचं बोलते, बाकीचं मागून. बाबांची डायलिसिसची एकही पाळी चुकवायची नाही. कुणीही सांगो, कितीही वचनं काढून दाखवो. किडन्या बंद असल्या की अंगात पाणी साठतं, फुफ्फुसात चढतं, रक्तात पोटॅशियम वाढतं आणि त्याने हृदय बंद पडू शकतं, हे काही दिवसांत होतं, वर्षं लागत नाहीत. आणि किडन्या का गेल्या ते डॉक्टरला विचार, बहुतेक शुगर नाहीतर बीपी निघेल कारण जगभर हीच दोन सगळ्यात मोठी कारणं आहेत. त्या गृहस्थांना बायबलातलंच सांग हवं तर: पौलाने आपल्या सोबत्याला, त्रफिमाला, मिलेत गावात आजारी असतानाच मागे ठेवलं (२ तीमथ्य ४:२०), तीमथ्याला पोटासाठी थोडा द्राक्षारस घे म्हणून सांगितलं, आणि त्याच्या बरोबर फिरणारा लूक वैद्य होता. पौलाचा विश्वास कच्चा होता असं म्हणायची कुणाची छाती आहे काय? प्रार्थना करा की, रोज करा, मशीनवर बाबा झोपलेले असताना बाजूला बसून करा.

आता तुझा दुसरा प्रश्न, म्हणजे पहिला. तू लिहिलंस अभ्यास कशाला, आणि खालच्याच ओळीत त्या गृहस्थांचं लिहिलंस. तुला दोन वेगळ्या गोष्टी वाटल्या असतील, मला पत्र वाचताना एकच वाटली. ते गृहस्थ तुमच्या घरी येऊन जे बोलले ते सगळं देवाच्या स्वभावाबद्दलच होतं ना रे! देव कसा आहे, तो आजार का पाठवतो, त्याला काय चालतं, तो कधी बरं करतो. त्यांनी तीन महिन्यांचा कोर्स एका बैठकीत उरकला, तोही चुकीचा, आणि तुझ्या आईने तो ऐकून जेवण सोडलं. मग आता सांग, अभ्यास नको म्हणजे नक्की काय नको? देवाबद्दलची कल्पना तर प्रत्येकाकडे असतेच, चर्चला न येणाऱ्याकडे पण असते. कुणाची आजीकडून आलेली, कुणाची मार खाऊन आलेली, कुणाची यूट्यूबवरच्या आरडाओरडा करणाऱ्या प्रचारकाकडून. ती कधी तपासून बघितलीय का, एवढाच प्रश्न.

तू सीएनसीवर आहेस म्हणून तुझ्याच भाषेत सांगते. माप घ्यायच्या व्हर्नियरमध्ये झिरो एरर असला, म्हणजे तो मुळातच चुकीचं दाखवत असला, की तू कितीही जीव लावून माप घे, रात्रपाळी करून घे, प्रार्थना करून घे, जॉब रिजेक्टच येणार. मेहनत कमी पडली म्हणून येत नाही तो. प्रेम करायचं आणि आज्ञा पाळायच्या म्हणतोस ना, बरोबरच आहे, पण कुणावर प्रेम, आणि आज्ञा कुणाच्या भीतीने की कुणाच्या ओढीने, हे कुठून ठरतं?

मत्तय २५ मधला तो दाखला काढ, मालक परदेशी जाताना चाकरांना रुपये देऊन जातो तो. तिसरा चाकर आपण नेहमी आळशी म्हणून सोडून देतो, संडे स्कूलमध्ये पण तसंच शिकवतात, आणि मालकही त्याला आळशी म्हणतोच. पण तो स्वतः काय कारण देतो ते नीट वाच. तो म्हणतो, मला माहीत होतं की तू कठोर माणूस आहेस, म्हणून मी भ्यालो आणि तुझे रुपये जमिनीत पुरले. झोप आली होती असं म्हणत नाही तो! आधी मालकाबद्दल मत, मग भीती, मग खड्डा. आणि मालक तर जाताना त्याच्या हातात रोकड सोपवून गेला होता, दुसऱ्या दोघांना परत आल्यावर "आपल्या धन्याच्या आनंदात सहभागी हो" म्हणणारा तो मालक. त्याच घरात राहून ह्याने त्याला कधी ओळखलंच नाही. आपल्या मंडळ्यांत असे पुरलेले रुपये किती आहेत म्हणतोस, मी बोट दाखवत नाही, पण चांगली गाणारी, चांगली शिकवणारी माणसं नुसती भीतीने मागच्या बाकावर बसून आयुष्य काढतात, देव चूक काढेल म्हणून.

आणि आपल्या भागात ह्याला आणखी एक पदर आहे, तो स्पष्टच बोलते. आपल्या चहूबाजूला नवस आहे. बोलायचा, फेडायचा, फेडला नाही तर काहीतरी होणार. ज्यांचा आहे त्यांचा आहे, दुसऱ्याच्या श्रद्धेवर बोलायला हे सदर नाही. पण आपण ख्रिस्ती लोकांनी नारळ सोडला आणि हिशोब तसाच ठेवला, हे मला खुपतं. बेळगावात १८२० मध्ये लंडन मिशनने काम सुरू केलं, म्हणजे दोनशे वर्षं होऊन गेली, तरी आपली साक्ष, म्हणजे देवाने माझ्यासाठी काय केलं ते सगळ्यांपुढे सांगणं, ऐक कशी असते. मागे एका कॉटेज मीटिंगला, घरातल्या प्रार्थनासभेला, बसले होते, गल्लीतलंच घर, चटया अंथरलेल्या, एक बाई उठून म्हणाली की मी इतके उपास केले म्हणून पोराचा पीयूसीचा (बारावीचा) रिझल्ट चांगला लागला, देव उपासाचं फळ देतोच, हालेलुया. सगळे आमेन म्हणाले. जिचा पोरगा त्याच वर्षी नापास झाला होता ती दोन हात अंतरावर बसलेली, मान खाली, चटईची एक काडी उपटून बोटाला गुंडाळत होती. तिने पण उपास केले होते. आता तिला त्या साक्षीतून देव कसा कळला असेल? दुकानदार कळला. आणि तिचा पैसा खोटा निघाला. त्यानंतर चहा-चिवडा आला आणि विषय संपला. त्या साक्ष देणाऱ्या बाईचं मन वाईट नव्हतं रे, तिला कुणी कधी शिकवलंच नव्हतं.

म्हणून तुझ्या पाळकसाहेबांना माझा सलाम सांग. तीन महिने कमी आहेत खरं तर.

आता तू म्हणतोस कोरडेपणा येतो. येतो की, मी नाही कुठे म्हणते. नुसती डोक्यात माहिती भरणाऱ्याचं काय होतं त्यासाठी योनाचं पुस्तक आहे, चारच अध्याय, एका बसखेपेत वाचून होतं. योना देवाचा संदेष्टा; देवाने निनवे शहराचा नाश केला नाही तेव्हा तो रागावला, आणि का रागावला हे तो देवाला तोंडावर सांगतो: मला माहीतच होतं की तू कृपाळू, कनवाळू, मंदक्रोध देव आहेस (योना ४:२). बघ, पाठ अगदी बरोबर! शब्दन् शब्द बरोबर. परीक्षेत पैकीच्या पैकी. आणि माणूस शहराबाहेर तोंड फुगवून बसलाय कारण देव त्याच्या शत्रूंवर पण तसाच दयाळू निघाला. तेव्हा कोरडेपणा अभ्यासाने येत नाही, शिकलेलं फक्त स्वतःच्या पारड्यात ठेवलं की येतो. आणि गंमत म्हणजे देव त्याला टाकून देत नाही, शेवटपर्यंत त्याच्याशी प्रश्न विचारत बोलत बसतो. शेवटचं वाक्य पण प्रश्नच आहे.

योना जे म्हणतोय ते त्याचं स्वतःचं नाहीये, ते निर्गम ३४:६-७ मधलं आहे. बुधवारी जायच्या आधी एवढ्या दोन ओव्या वाच आणि वहीत उतरव. मोशे म्हणतो मला तुझं तेज दाखव, आणि देव त्याच्यापुढून जाताना स्वतःच स्वतःबद्दल बोलतो: दयाळू, कृपाळू, मंदक्रोध, दयेने आणि सत्याने भरलेला, हजारोंवर दया करणारा, अपराधाची क्षमा करणारा, तरी अपराध्याला तसंच न सोडणारा. पुढे गणना १४, नहेम्या ९, स्तोत्र ८६, १०३, १४५, योएल २, नहूम १, सगळीकडे हीच ओळ पुन्हा पुन्हा येते, कधी पुरी, कधी अर्धी. इस्राएल लोक अडचणीत सापडले की हेच धरून प्रार्थना करायचे, तुझा स्वभाव असा आहे म्हणून आमचं ऐक. स्वभाव माहीत नसता तर मागितलं कशाच्या जोरावर असतं?

आणि इथेच लोक कात्री चालवतात. काहीजण पहिला अर्धा भाग ठेवतात, देव प्रेम आहे, सगळं चालतं, उसाचे पैसे बुडवले तरी चालतं, भावाची जमीन दाबली तरी रविवारी हात वर करून गाता येतं. तुझे ते गृहस्थ शेवटचा तुकडा ठेवतात, वडिलांच्या अपराधाबद्दल तिसऱ्या चौथ्या पिढीपर्यंत शासन, आणि त्यावरून लोकांच्या घरात पाप शोधत फिरतात. त्यांना यहेज्केल १८ वाचायला दे, मुलगा बापाच्या पापाचा भार वाहणार नाही असं तिथे सरळ लिहिलंय. ही कात्री जुनी आहे हां. मार्सियन नावाचा एक शिक्षक होता, त्याला जुन्या करारातला देव वेगळा आणि येशूचा बाप वेगळा वाटायचा, त्याने जुना करार सगळाच बाजूला टाकला, साल १४४ च्या सुमारास रोमच्या मंडळीने त्याला बाहेर काढलं. आज नाव कुणाला माहीत नाही पण "जुन्या करारातला देव रागीट, नव्यातला प्रेमळ" हे वाक्य तुला बेळगावच्या कॅम्पपासून निपाणीपर्यंत कुठल्याही चर्चच्या पायरीवर ऐकायला मिळेल. न्याय आणि दया ह्या देवाच्या दोन पाळ्या नाहीत, सकाळी एक आणि संध्याकाळी एक अशा. वधस्तंभाकडे बघितलं की दोन्ही एकदमच दिसतात, तिथे पापाला डोळेझाक पण नाही आणि पाप्याला टाकून देणं पण नाही. ह्यावर पाळकसाहेब एक अख्खा बुधवार घालवतील, घालवू दे.

देव डोक्यात मावत नाही म्हणालास. नाहीच मावत. अनुवाद २९:२९ मध्ये म्हटलंय गुप्त गोष्टी देवाच्या, प्रकट केलेल्या आपल्या आणि आपल्या लेकराबाळांच्या. मोशेला पण तोंड दिसलं नाही, पाठ दिसली. पण मावत नाही म्हणून जेवढं त्याने स्वतःहून सांगितलंय तेवढं पण ऐकायचं नाही, हा नम्रपणा मला पटत नाही, ह्यात थोडा आळस आहे. (रागावू नको.) शिवाय शिष्य फिलिप्पाने "आम्हाला पिता दाखव" म्हटल्यावर येशूने काय उत्तर दिलं, ज्याने मला पाहिलंय त्याने पित्याला पाहिलंय. म्हणजे अभ्यास म्हणून काही जाड ग्रंथ नकोय. कुष्ठरोग्याला हात लावणारा, लाजराच्या कबरेपाशी रडणारा, मंदिरात चौरंग उलथवणारा, हा देवाचा स्वभाव. यिर्मया ९ मध्ये देव म्हणतो कुणाला कसली घमेंड मिरवायचीच असेल तर त्याला माझी ओळख आहे, मी दया, न्याय आणि नीतिमत्त्व चालवणारा आहे हे त्याला कळतं, ह्याची मिरवावी. आणि योहान १७:३ मध्ये येशू प्रार्थनेत म्हणतो की सार्वकालिक जीवन हेच की त्यांनी तुला, एकाच खऱ्या देवाला, ओळखावं.

प्रश्न विचारणं म्हणजे अविश्वास असं कुणी म्हणालं तर पंडिता रमाबाईंचं उदाहरण दे. त्या आपल्याच कर्नाटकातल्या, १८५८ मध्ये गंगामूळच्या रानात जन्मल्या, घर मराठी. १८८३ मध्ये इंग्लंडात बाप्तिस्मा झाला, आणि त्यानंतर त्रैक्याबद्दल (पिता, पुत्र, पवित्र आत्मा मिळून एक देव), ख्रिस्ताबद्दल त्यांनी तिथल्या शिक्षिकांशी पत्रांतून इतका वाद घातला की मोठमोठे बिशप वैतागले. नुसतं सांगितलं म्हणून मान डोलावणार नाही, हा बाईचा बाणा. मग आठेक वर्षांनी त्यांच्या लक्षात आलं की आपल्याला ख्रिस्ताचा धर्म मिळालाय, ख्रिस्त अजून मिळायचाय. बाप्तिस्मा, उपासना, सगळं असूनही. नंतर केडगावला मुक्ती मिशनचं एवढं मोठं काम सांभाळत त्यांनी हिब्रू-ग्रीक शिकून अख्खं बायबल साध्या बायकांना समजेल अशा मराठीत आणलं, १९२२ मध्ये वारल्या त्याच्या थोडंच आधी ते काम पुरं केलं. बघ, एवढा वाद घालणारी बाई कोरडी झाली काय?

आता आईचं. तिला हे वरचं सगळं वाचून दाखवू नको, ती आत्ता ऐकायच्या मनःस्थितीत नसेल. तिच्याजवळ बसून दोनच जागा वाच. एक, योहान ९, जन्मापासून आंधळा माणूस, शिष्य विचारतात कुणी पाप केलं, ह्याने की ह्याच्या आईबापांनी, आणि येशू म्हणतो ह्यानेही नाही, ह्याच्या आईबापांनीही नाही. शिष्यांचा प्रश्न आणि त्या गृहस्थांचा प्रश्न एकच आहे, उत्तर आलेलं आहे. दुसरं, ईयोबाचा शेवटचा अध्याय. ईयोब भला माणूस, त्याची मुलं, मालमत्ता, तब्येत सगळं गेलं; त्याचे मित्र आले तेव्हा सात दिवस त्याच्याबरोबर जमिनीवर गप्प बसले, तेवढं चांगलं केलं त्यांनी. तोंड उघडलं आणि घोटाळा झाला. पानंच्या पानं देवाची बाजू मांडली, देव न्यायी आहे म्हणजे तूच काहीतरी केलं असणार, कबूल कर. ईयोब बिचारा तक्रार करत राहिला, देवालाच जाब विचारत राहिला. आणि शेवटी देव कुणावर रागावला? मित्रांवर! माझ्याविषयी ईयोबासारखं नीट बोलला नाहीत म्हणून. देवाची वकिली करणाऱ्यांना देवाने नापास केलं, रडणाऱ्या माणसाला पास केलं. आईला हे कळू दे.

एक गोष्ट प्रामाणिकपणे सांगायला हवी, नाहीतर मी पण कात्रीच चालवली असं होईल. आजाराचा आणि पापाचा कधीच संबंध नसतो असं बायबल म्हणत नाही. योहान ५ मध्ये, १ करिंथ ११ मध्ये तो येतो. पण तो संबंध येशू ओळखतो, पौल ओळखतो, चहा प्यायला आलेल्या माणसाने भिंतीकडे बघत ओळखायचा नसतो. आईच्या मनात खरंच काही सलत असेल तर तिने ते देवाला सांगावं, क्षमा मागावी, मिळते, आणि त्याचा बाबांच्या किडनीशी हिशोब लावू नये.

त्या गृहस्थांशी भांडू नको. आपल्या छोट्या मंडळ्या, उद्या लग्नात नाहीतर मयतीला एकाच मांडवात बसायचंय. एकटा पण बोलू नको, पाळकसाहेबांना घेऊन जा, आणि मशीन सोडा हे वाक्य त्यांनी परत कुठल्याही घरात बोलू नये एवढं ठामपणे सांगायला पाळकसाहेबांना लाव. तुमच्या घरी तू उभा आहेस, दुसऱ्या कुठल्या घरी कुणी भोळा माणूस खरंच ऐकेल. ईयोबाने शेवटी त्या मित्रांसाठी प्रार्थना केली, ते पण जमलं तर बघ, लगेच नाही जमणार, चालतं.

पत्राच्या मागच्या बाजूला तू पेन्सिलने लिहिलंयस की शाळा कन्नड मीडियममध्ये झाली, मराठी बायबल अडखळत वाचतोस, तर कुठलं वाचू. घरात प्रार्थना कुठल्या भाषेत करतोस? मराठीत ना, मग मराठी घे, अडलं की शेजारी कन्नड उघडून ठेव, आपल्याकडे निम्मे लोक असंच करतात आणि त्यात कमीपणा काही नाही. मोबाईलवर दोन्ही भाषांत फुकट मिळतं. आणि डायलिसिसचे वार कुठले ते लिहिलं नाहीस. त्यात बुधवार येत असेल तर पाळकसाहेबांना सांगून स्टडी गुरुवारी करता येते का विचार, लाजू नको. तुझ्यासारखे शिफ्टवाले आणखी असतील, त्यांना पण बरं पडेल.

— अक्का